एका नावाच्या भरवशावर

बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळली गेली, तेव्हा तिच्या तिजोरीवर दरोडा पडलेला नव्हता आणि कोणी रातोरात रोकड घेऊन परागंदाही झालेले नव्हते. 1840 मध्ये सव्वाबावन्न लाख रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली ही बँक सरकारी सनदेने चालत होती. सरकार स्वतः तिचे भागधारक होते आणि नऊ संचालकांपैकी तीन सरकारने नेमलेले असत. मुंबई इलाख्यात याहून सुरक्षित ठिकाण नाही, असे पेन्शनर आणि विधवाही समजत. तेजीच्या काळात भांडवल दोन कोटी नऊ लाखांपर्यंत वाढवले गेले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते जवळजवळ सगळे बुडाले. एकेकाळी 2,850 रुपयांना विकला जाणारा तिचा शेअर 87 रुपयांवर आला. धंद्यातल्या नीतीची चर्चा सहसा लबाड माणसांभोवती फिरते. बँक ऑफ बॉम्बेची कथा मात्र मुख्यतः लबाडांची नाही. ती एकमेकांवर विश्वास टाकणाऱ्या प्रतिष्ठित माणसांची आहे. त्या विश्वासाने त्यांना स्वतःचे काम करण्यापासून मोकळे केले आणि तिथेच बँकेचा घात झाला, असे मला वाटते.

पैसा आला कुठून हे थोडक्यात सांगायला हवे. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. सुरत, भडोच, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इथला कापूस एरवी आखूड धाग्याचा आणि कचऱ्याचा म्हणून हिणवला जाई. आता मिळेल त्या भावाने तो उचलला जाऊ लागला. लोकांनी जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूसही बाजारात आणला, असे त्या काळच्या वर्णनांत आढळते. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सात ते आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज नंतर केला गेला. इतका पैसा गुंतवायला शहरात उद्योगच नव्हते. मग कंपन्याच काढल्या गेल्या. जानेवारी 1865 मध्ये मुंबईत 31 बँका, 16 ‘फायनान्शियल असोसिएशन’ आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या 8 कंपन्या होत्या. या असोसिएशनांचा धंदा बहुतांशी एकच होता: लोकांकडून शेअरचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवून ते कर्जाऊ द्यायचे. एका कंपनीचा कागद दुसरीचे तारण झाला आणि दुसरीचा तिसरीचे. सगळ्यांच्या तळाशी खरी वस्तू एकच होती, कापसाचा भाव.

यात सर्वांत गाजली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचे दहा हजारांचे दोन हजार शेअर होते आणि प्रत्येक शेअरवर पाच हजार रुपये भरून घेतलेले होते. मुंबई सरकारला यातले 400 शेअर स्वतः घ्यायचे होते, पण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने परवानगी नाकारली. तेव्हा ते लिलावाने विकले गेले आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये आले. ही रक्कम पाहून शहराचे डोळे फिरले, हे समजण्यासारखे आहे. पुढे पाच हजार भरलेल्या या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या वर गेला. भरती-ओहोटीच्या पाण्याखाली असलेल्या जमिनीला हा भाव होता. मोठे व्यवहार 1 जुलै 1865 च्या वायद्याने होत होते. म्हणजे शेअर आणि पैसे दोन्ही त्या दिवशी द्यायचे आणि तोपर्यंत फक्त शब्दावर सौदा. कारकून, वकील, डॉक्टर, शाळामास्तर सगळे यात उतरले. प्राचीन शिलालेखांचे वाचन आणि कुष्ठरोगावरचे उपचार यांसाठी ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांची मिळकतही या लाटेत गेली. असे विद्वान आणि निःस्वार्थी गृहस्थही त्यात ओढले गेले. त्यामुळे हा केवळ लोभाचा खेळ होता असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येत नाही.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी एक नाव होते, प्रेमचंद रायचंद. सुरतेहून आलेल्या जैन कुटुंबातला हा तरुण दलाल इंग्रजी लिहू-बोलू शकत होता. त्या पिढीच्या देशी दलालांत हे दुर्मीळ होते. कापूस आणि शेअर या दोन्ही बाजारांची नाडी त्यांना कळे. नव्या कंपनीच्या यादीत त्यांचे नाव आहे एवढे कळले की तिचे शेअर पहिल्याच दिवशी चढत. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन हा तर त्यांचाच गड समजला जाई. बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर त्यांचे वजन इतके वाढले की त्यांनी शिफारस केलेल्या माणसाला कर्ज मिळणे जवळजवळ ठरलेलेच असे. प्रेमचंद फसवायला निघाले होते याला पुरावा नाही. उलट आपल्याच कंपन्यांवर त्यांचा इतरांहून जास्त विश्वास होता, असेच त्यांचे वागणे सांगते. पण एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास हे दुसऱ्याच्या पैशाचे तारण होऊ शकत नाही, आणि नेमके तेच बँकेने मानले.

ते मानायला मोकळीक कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे. 1840 च्या सनदेने बँकेचे हात जाणूनबुजून बांधले होते. एका माणसाला किती द्यायचे यावर मर्यादा होती. मुदत थोड्या महिन्यांची होती. वैयक्तिक पतीवर कर्ज द्यायचे तर परस्परांशी संबंध नसलेल्या दोघांच्या सह्या लागत आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देता येत नसे. पुढे सरकारने नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून काढून स्वतःकडे घेतला आणि त्याच्या बदल्यात, इतर गोष्टींबरोबर, धंद्यात जास्त स्वातंत्र्य दिले. मुंबईच्या बँकेसाठी 1863 चा 10 वा कायदा आला. त्यात जुन्या बंधनांपैकी बरीच गळली आणि शेअरच्या तारणावर कर्ज द्यायला वाट मोकळी झाली. हा कायदा कोणी वाईट हेतूने केला नाही. प्रतिष्ठित आणि अनुभवी संचालक असताना शहाण्या माणसांना नियमांच्या दोरीने कशाला बांधायचे, हा त्यामागचा विचार होता. आजही कंपन्यांच्या कारभाराविषयी बोलताना हेच म्हटले जाते: नियम लबाडांसाठी असतात, चांगल्या नेतृत्वाला मूल्ये पुरतात.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. हिंदुस्थानचा व्यापार शतकानुशतके शब्दावरच चालत आला होता. पुण्याच्या पेढीने काढलेली हुंडी काशीत वटत असे ती न्यायालयाच्या भीतीने नव्हे, सराफांच्या परस्पर भरवशाने. मग 1865 च्या मुंबईने व्यक्तीच्या नावावर विश्वास टाकला यात नवे आणि चूक ते काय? मला वाटते, हुंडीच्या व्यवहारात विश्वास जितका मोठा होता, तितकीच त्यामागची तपासणीही मोठी होती. फक्त ती कागदावर नसे. सराफ समोरच्या पेढीला, तिच्या दोन पिढ्यांना, तिच्या उधारीला आणि लग्नसंबंधांनाही ओळखत असे. एक हुंडी परतली तर बातमी पुढच्या टपालाने सगळ्या बाजारपेठांत पोचे आणि त्या पेढीला कुठेच दार उघडे राहत नसे. आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सराफ धोका पत्करत असे तो स्वतःच्या पैशाचा. चूक झाली तर त्याचेच घर जाणार असे.

बँकेच्या संचालकाचे तसे नव्हते. तो ज्या पैशावर सही करत होता तो बहुतांशी अनोळखी भागधारकांचा आणि ठेवीदारांचा होता. त्यांनी बाजारातले कोणते नाव भले आणि कोणते बुरे हे तपासलेले नव्हते. ते तपासायचे काम त्यांनी संचालकाकडे सोपवले होते. म्हणजे सराफाची जुनी रीत जशीच्या तशी नव्या कंपनीत आणली गेली, पण त्या रीतीला जागेवर ठेवणारा स्वतःच्या नुकसानीचा धाक मात्र मागेच राहिला. प्रेमचंद यांच्यावर भरवसा ठेवणे हा एखाद्या सराफाचा खासगी निर्णय असता तर तो धाडसी म्हणता आला असता. संचालकाने आणि सचिवाने तोच भरवसा दुसऱ्यांच्या पैशाने ठेवला, तेव्हा तो कर्तव्यचुकारपणा झाला. नीतीचा प्रश्न इथे आहे.

9 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रे ठेवली. ही बातमी मुंबईला पोचली तशी कापसाची किंमत कोसळू लागली आणि तिच्या पाठोपाठ प्रत्येक कागदाची. 1 जुलैला वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पैसे द्यायला बांधलेले बहुतेक लोक आधीच नादार झालेले होते. ज्याने घ्यायचे होते त्याचेही देणे दुसऱ्याच्या देण्यावर अवलंबून होते, त्यामुळे साखळी एका टोकाकडून तुटत गेली. दिवाळ्यांची प्रकरणे इतकी झाली की त्यांचा निपटारा करायला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. मे 1866 मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी बसली आणि तिच्या धक्क्याने मुंबईत उरलेल्या नव्या बँकाही गेल्या. त्यांत एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनही होती. बँक ऑफ बॉम्बे सरकारच्या आधारावर आणखी काही काळ उभी राहिली. या काळात कलकत्त्याहून तिच्या स्थितीची विचारणा होत असताना सर बार्टल फ्रिअर यांच्या सरकारने हाती असलेले अधिकार वापरले नाहीत, अशी टीका पुढे झाली. फ्रिअर यांनी मुंबईसाठी जे केले त्याबद्दल मला आदर आहे. कोटाच्या भिंती पाडून शहर मोकळे करणारा तो गव्हर्नर होता. पण शहराच्या उत्साहात सहभागी असलेल्या राज्यकर्त्याला त्याच उत्साहाची तपासणी करणे जड जाते, हे त्यांच्या बाबतीत दिसले.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने या बुडण्याची चौकशी केली. त्याने दिलेल्या कारणांत काळाच्या अपवादात्मक स्वरूपाचा उल्लेख आहे, पण तो पहिला नाही. आधी येतो 1863 च्या कायद्याने काढून टाकलेली बंधने हा मुद्दा. मग सचिवांनी आपल्या अधिकारांचा केलेला गैरवापर, मग संचालकांची हलगर्जी आणि अक्षमता. योग्य कायदेशीर सल्ला नव्हता, हेही नमूद आहे. सचिव दुबळे आणि तत्त्वशून्य होते, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. मला यात दुबळेपणाचा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या माणसाची चिठ्ठी आल्यावर ‘तारण कुठे आहे’ असे विचारण्याला धैर्य लागते. ते धैर्य दाखवल्याबद्दल कोणी बढती देत नाही आणि तेजीच्या दिवसांत तर ते मूर्खपणाचे दिसते. पगारी सचिवाने हा प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहणारे मंडळ हवे. मंडळातले व्यापारी त्याच बाजारात गुंतलेले होते. त्यांनी पाठबळ द्यावे कसे?

दुसरा आक्षेप असा येईल की अमेरिकेतल्या युद्धाने भाव चढले आणि युद्ध संपताच उतरले. यात मुंबईच्या कोणाच्याही नीतीचा काय संबंध? कापूस स्वस्त होणारच होता आणि अनेक पेढ्या कोणाचाही दोष नसताना बुडाल्या असत्या, हे खरे आहे. मद्रास आणि कलकत्त्याच्या सनदी बँका या वादळातून तरल्या, पण तिथे कापसाचा हा पूर आलाच नव्हता, म्हणून ती तुलना फार ताणता येत नाही. तरीही नुकसान आणि नाश यांत फरक आहे. जुन्या सनदेप्रमाणे शेअरवर कर्ज देता आले नसते, तर कापूस कोसळल्यावर बँकेची काही कर्जे बुडाली असती, पण भांडवल बुडाले नसते. युद्धाने लाट आणली. जहाजाचा तळ कोणी भोसकला, याचे उत्तर आयोगाने मुंबईतच शोधले आणि ते बरोबर होते.

तिसरा आक्षेप मनाला जास्त भिडणारा आहे. प्रेमचंद यांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. आईच्या नावाने उभा राहिलेला तो राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला आणि आजही पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी त्याच्या सावलीतून जातात. बॅक बेच्या वेडाने भरलेल्या जमिनीवर आजच्या शहराचा काही भाग उभा आहे. मग त्या काळाला इतके वाईट का म्हणायचे? दान खरे होते आणि त्याचे फळ चांगले आहे, हे मी मनापासून मान्य करतो. मला दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. 1864 मध्ये अशा देणग्यांनी त्या नावाभोवतीचा प्रकाश वाढला आणि त्या प्रकाशात बँकेचे संचालक डोळे मिटून बसले. एवढा उदार माणूस कसा चुकेल? औदार्य आणि तारण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेने विसरायला नको होते. प्रेमचंद स्वतः या पडझडीतून पुढे सावरले, दीर्घायुषी झाले आणि 1906 मध्ये गेले. देशी दलालांची जी संघटना 1875 मध्ये झाली आणि जिचे पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. सौद्यांना नियम आणि सदस्यांना शिस्त लावणारी संस्था त्याच पिढीच्या हातून उभी राहावी, हे त्या पिढीला काही उमगल्याचे लक्षण आहे.

याच पडझडीत एक लहानसा प्रसंग लंडनमध्ये घडला. तो मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. नसरवानजी टाटा एशियाटिक बँकिंगच्या वर्तुळात गुंतलेले होते. त्यांचा मुलगा जमशेटजी त्या वेळी पंचविशीत होता आणि लंडनमध्ये हिंदी बँक काढण्याच्या उद्देशाने गेला होता. तो तिथे असतानाच मुंबईचा बाजार कोसळला आणि त्याच्या हातातले कागद कवडीमोलाचे झाले. परक्या शहरात कर्जदार म्हणून उभे राहण्याची वेळ आली तेव्हा त्याने लपवाछपवी केली नाही. सावकारांसमोर सगळी परिस्थिती मांडली आणि तडजोडीची बोलणी केली. त्यांना त्याचा सरळपणा इतका पटला की त्याच्याच पेढीचा व्यवहार मिटवायला त्यालाच महिना 20 पौंड पगारावर नेमले गेले, असे त्याच्या चरित्रात येते. इकडे नसरवानजींनी देणे भागवण्यासाठी घरदार विकले. टाटांच्या नावाभोवती नंतर उभा राहिलेला सगळा आदर बाजूला ठेवून हा प्रसंग पाहावा. लंडनच्या सावकारांना टाटा कोण हे ठाऊक नव्हते. नावाला तिथे काहीच वजन नव्हते. त्यांनी आधी हिशेब पाहिला आणि मग विश्वास ठेवला. मुंबईत मात्र नाव आधी आले आणि हिशेबाची वेळ आलीच नाही.

जमशेटजींनी पुढे नागपूरला काढलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड वगैरे गोष्टी आल्या आणि मूल्यांवर चालणाऱ्या उद्योगाचे उदाहरण म्हणून त्या सांगितल्या जातात. ते रास्तच आहे. पण मला त्याचे बीज कारखान्याच्या फाटकापेक्षा सावकारांपुढे उघडलेल्या त्या वह्यांत जास्त दिसते. कामगाराला देणे हे मालकाच्या मर्जीवर असू शकते आणि मर्जी बदलू शकते. दुसऱ्याने विचारायच्या आधी स्वतःचा हिशेब पुढे ठेवण्याची सवय मर्जीवर अवलंबून राहत नाही. ती मालकालाही बांधते.

1868 मध्येच नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. 1876 च्या प्रेसिडेन्सी बँक्स अॅक्टद्वारे सरकारने आपले भाग आणि संचालक काढून घेतले आणि तीनही इलाख्यांच्या बँकांवर जुनी बंधने पुन्हा घातली: स्थावर मालमत्तेवर कर्ज नाही, ठराविक मुदतीपलीकडे कर्ज नाही, वैयक्तिक पतीवर दिलेल्या कर्जाला दोन स्वतंत्र जबाबदार सह्या. या बँकांनी नंतर हा कायदा जाचक असल्याची तक्रार केली, आणि तो होताच. पण 1921 मध्ये त्यांची मिळून इंपीरियल बँक झाली तेव्हा तिन्ही बँका शाबूत होत्या. जे शहाणपण दोन कोटी देऊन विकत घेतले, ते या तीन बँकांच्या कायद्यात मात्र राहिले, बाहेर पसरले नाही. स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या नव्या देशी बँकांवर असे कोणतेच बंधन नव्हते. 1906 मध्ये मुंबईत निघालेली इंडियन स्पेशी बँक चांदीच्या सट्ट्यात अडकून 1913 च्या अखेरीस बुडाली. तिचीही सूत्रे एका प्रभावी माणसाच्या हाती होती आणि संचालक मंडळ त्याला अडवू शकले नाही. तिच्याबरोबर आणि तिच्यानंतर अनेक देशी बँका गेल्या. देशातल्या सगळ्या बँकिंग कंपन्यांना लागू होणारा स्वतंत्र कायदा व्हायला 1949 साल उजाडले. बँकेने स्वतःच्या शेअरच्या तारणावर कर्ज देऊ नये आणि आपल्या संचालकांना विनातारण कर्ज देऊ नये, अशी कलमे त्यात आहेत.